गुडघ्याची नस आणि चाचपणारा हात

नाशिक जिल्ह्यात धावणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक मिळवले, आणि पुढे २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत नाशिकच्याच संजीवनी जाधव पाच हजार मीटरमध्ये तिसऱ्या आल्या, तेव्हा पाड्यावरच्या मुलीच्या पायांतही एक भवितव्य असते ही गोष्ट जिल्ह्याला पटली. या नामवंतांच्या मागे, संख्येने कितीतरी मोठा असा दुसरा वर्ग आहे : पोलीस भरतीच्या सोळाशे किंवा आठशे मीटरच्या कसोटीसाठी, नाहीतर सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर उतरणारी, दिवसा शेतात किंवा महाविद्यालयात असणारी आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर येणारी अठरा-वीस वर्षांची मुले-मुली. या साऱ्यांच्या तोंडी गुडघ्याविषयी एक वाक्य हमखास असते, 'नस दबली आहे'. हे निदान दवाखान्यात झालेले नसते. ते मैदानाच्या कडेला, तालमीत किंवा घरच्या ओट्यावर, दुखणाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून केलेले असते. या वाक्यात तथ्य किती, ते तथ्य बोटांनी कसे तपासता येते, आणि तपासल्यावर हातांनी काय करावे व काय करू नये, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे भाग आहे, कारण मराठीत 'नस' आणि 'शीर' हे दोन्ही शब्द एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. हाताच्या पाठीवर फुगलेली निळसर रक्तवाहिनी ही शीर, पोटरीत गोळा आला की 'शीर चढली', टाचेमागचा ताठ दोर हीही शीरच, आणि कमरेपासून पायापर्यंत चमक निघाली तर दबली तीही नसच. सुश्रुतसंहितेत सिरा, धमनी आणि स्नायू यांची वेगवेगळी गणना आहे. तेथील 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरासारखे बंध, तर आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मांस, ज्याला सुश्रुत 'पेशी' म्हणतो, आणि आजची पेशी तर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. शब्द असे घरे बदलत राहिल्यामुळे रोगी एक म्हणतो आणि वैद्य दुसरे ऐकतो. या व्याख्यानात 'नस' हा शब्द केवळ चेतातंतूसाठी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या व त्वचा-सांध्यांकडून संवेदना परत आणणाऱ्या दोरीसाठी, योजला आहे. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांत जानू हे एक संधिमर्म आहे आणि त्यावर आघात झाल्यास माणूस लंगडा होतो असे त्याचे फळ दिले आहे. गुडघ्यावर कोठेही जोर लावू नये एवढे शहाणपण या भूमीत फार जुने आहे, असे त्यावरून म्हणता येते. त्यापलीकडे जाऊन आधुनिक चेताशास्त्र सुश्रुताच्या पदरी बांधण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

शरीराच्या नावांत मराठी अशी ढिली असली तरी वेदनेच्या नावांत ती विलक्षण काटेकोर आहे. १९७५ साली मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेची विशेषणे गटवार लावून एक प्रश्नावली सिद्ध केली, आणि रोगी कोणता शब्द निवडतो यावरून वेदनेचा प्रकार ओळखण्याची रीत त्यानंतर जगभर रूढ झाली. मराठी माणसाकडे ही प्रश्नावली घरचीच आहे. ठणका हा नाडीबरोबर उडतो आणि तो बहुधा सुजेचा असतो. कळ दाबल्यावर किंवा वजन टाकल्यावर येते. गुडघा 'धरतो' तो सकाळी किंवा फार वेळ बसून उठताना. पण चमक, मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, भाजल्यासारखी आग आणि 'करंट बसल्यासारखे' होणे हे शब्द आले की चेतातंतूचा विचार करणे आवश्यक ठरते. पँटचे कापड घासले तरी नको वाटणे, ही तर फारच बोलकी तक्रार आहे, कारण कापडाचा स्पर्श कुर्चेला किंवा अस्थिबंधाला कळत नाही, तो त्वचेच्या चेतातंतूलाच कळतो. रोग्याला मराठीत बोलू द्यावे आणि त्याच्या तोंडच्या 'आग होते' या शब्दांचे घाईने 'पेन' असे भाषांतर करून कागदावर लिहू नये, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी तिने पुष्कळ चुका वाचतात.

गुडघ्याला संवेदना पुरवणारे चेतातंतू एकाच दिशेने येत नाहीत. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात (ती मुळात व्याख्यानेच होती) असा नियम मांडला की, जो चेतातंतू सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जातो तोच त्या सांध्याला आणि त्यावरील त्वचेलाही शाखा देतो. गुडघ्याच्या बाबतीत या नियमाचा अर्थ असा होतो की मांडीच्या पुढून येणारा फेमोरल, आतून येणारा ऑब्ट्युरेटर आणि मागून येणाऱ्या सायॅटिकचे दोन फाटे, टिबिअल व पेरोनिअल, हे सारे गुडघ्याशी बांधलेले आहेत. आणि हेच चेतातंतू खुब्यालाही शाखा देत असल्यामुळे खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. तरुणांच्या दृष्टीने यांतील दोन चेतातंतू अधिक महत्त्वाचे ठरतात.

पहिला सॅफेनस. कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्याच्या पातळीवरील मुळांतून निघालेल्या फेमोरल चेतातंतूची ही सर्वांत लांब शाखा असून ती स्नायूंना काहीही पुरवत नाही, निव्वळ संवेदना वाहते. त्यामुळे ती बिघडली तर पाय दुबळा होत नाही, नुसता दुखतो, आणि दुबळेपणा नाही म्हणून चेतातंतूचा संशयही कोणाला येत नाही. मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात आतल्या बाजूला स्नायूंमध्ये एक बोगदा आहे, ज्याला अठराव्या शतकातील शल्यविशारद जॉन हंटर यांचे नाव मिळाले आहे, कारण १७८५ साली त्यांनी गुडघ्यामागे फुगलेल्या रोहिणीवर इलाज म्हणून ती याच बोगद्यात बांधली होती. या बोगद्यातून सॅफेनस रक्तवाहिनीच्या सोबतीने खाली येतो आणि गुडघ्याच्या साधारण चार-पाच बोटे ते वीतभर वर एक ताठ पडदा भेदून बाहेर पडतो. पुढे त्याचा एक फाटा सार्टोरिअस या स्नायूजवळून वळून वाटीच्या खाली आडवा पसरतो. सार्टोरिअस म्हणजे शिंप्याचा स्नायू, मांडी घालून बसताना वापरला जाणारा. नाव लॅटिन असले तरी बैठक आपली आहे. धावपटूची मांडी भरली, खोल बैठकांची संख्या वाढली, किंवा गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया होऊन वाटीखाली व्रण राहिला, की या वाटेवर कोठेतरी हा चेतातंतू अडतो वा चिडतो आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला, वाटीच्या खालच्या कडेला आग व बधिरपणा जाणवतो. गुडघ्याचे चित्र काढले तर त्यात दोष दिसत नाही. दोष मुळात गुडघ्याच्या वर, मांडीत असतो.

दुसरा कॉमन पेरोनिअल. हा लवणीतून, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागातून, बाहेर वळतो आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे जे बारीक हाड, फिब्युला, त्याच्या मानेला वळसा घालून पुढे जातो. या वळणावर त्याच्यावर कातडी आणि थोडी चरबी यांखेरीज कसलेही पांघरूण नसते. बोट हलकेच आडवे फिरवले तर सुतळीएवढी दोरी हाडावरून सरकताना कळते. पाश्चात्त्य ग्रंथांत या जागेचे दुखणे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या नावाने वर्णिलेले आहे, कारण तासन्‌तास उकिडवे बसल्याने चेतातंतू मांडीमागच्या स्नायूची कंडरा, पोटरीचा स्नायू आणि फिब्युलाचे डोके यांच्यामध्ये चिमटतो. नाशिकला त्यासाठी स्ट्रॉबेरीच्या मळ्यापर्यंत जाण्याची गरज नाही. उळे टाकून तयार केलेले उन्हाळ कांद्याचे रोप डिसेंबर-जानेवारीत वाफ्यांत लावले जाते, आणि निफाड-चांदवड-येवल्याकडे त्या दिवसांत घरातील तरुण हात लागवडीलाच असतात. पहाटे सहा किलोमीटर धावायचे आणि मग दिवसभर ओल्या वाफ्यात उकिडवे सरकत रोप लावायचे, अशा दिनक्रमात गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखू लागले, नडगीच्या बाहेरून पावलाच्या पाठीपर्यंत मुंग्या आल्या, तर दोष धावण्याच्या बुटांना दिला जातो आणि वाफ्याचा विचारही होत नाही. दुखतो म्हणून वाटीखाली आवळून बांधलेला पट्टा तर बरोबर याच वळणावर बसतो.

चेतातंतू नुसत्या दाबानेच दुखतो ही समजूत अपुरी आहे. चेतातंतू ही सैल सोडलेली दोरी असून सांधा वाकला की ती आजूबाजूच्या ऊतींतून काही मिलिमीटर सरकते, थोडी ताणते आणि सांधा सरळ झाला की परत येते. सरकण्याची वाट अडली तर सरकण्याची जागा ताण घेतो, आणि चेतातंतूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना ताण मानवत नाही : १९७३ मध्ये स्वीडनमधील लुंडबोर्ग आणि रीडेविक यांनी सशांच्या चेतातंतूवर केलेल्या प्रयोगात मूळ लांबीच्या ८ टक्के ताणावर शिरांतील रक्तप्रवाह मंदावू लागला आणि १५ टक्क्यांच्या सुमारास तो पूर्ण थांबला. शिवाय चेतातंतूच्या आवरणालाही स्वतःचे बारीक संवेदनातंतू असतात, म्हणून तो बातमी वाहून नेतो तसा स्वतःही दुखतो. त्याच वर्षी अप्टन आणि मॅकोमास यांनी अशीही कल्पना मांडली की एका जागी किंचित अडलेला चेतातंतू दुसऱ्या जागीही लवकर तक्रार करतो. ही कल्पना अजून वादग्रस्त आहे, तरी कमरेत आणि मांडीत अशा दोन ठिकाणी थोडे थोडे सापडणारे रोगी पाहिले की तिची आठवण होते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. तरुणांच्या गुडघेदुखीत चेतातंतूचा वाटा थोड्यांच्याच बाबतीत असतो. जिना उतरताना वाटीच्या मागे दुखणे हे बहुधा वाटी आणि मांडीचे हाड यांच्यावर वाढलेल्या भाराचे असते. दहा ते पंधरा वर्षांच्या, उड्या मारणाऱ्या मुलाच्या नडगीच्या वरच्या टोकाला आलेले दुखरे टेंगूळ हे बॉस्टनचे ऑसगूड आणि झ्युरिकचे श्लाटर यांनी १९०३ साली स्वतंत्रपणे वर्णन केलेले वाढत्या हाडाचे दुखणे असते. याहून गंभीर गोष्टीही आहेत. बारा-तेरा वर्षांचा मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि त्याचा खुबा आतल्या बाजूला वळत नसेल, तर मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या पट्टीवरून घसरले असण्याची शक्यता असते आणि त्याला एक पाऊलही चालू न देता रुग्णालयात न्यावे लागते. हाडाच्या एका कर्करोगाची आवडती जागा पौगंडावस्थेत गुडघ्याच्या आसपासच असते. विश्रांतीतही न थांबणारे, रात्री झोपेतून उठवणारे आणि आठवड्यागणिक वाढणारे दुखणे कोणीही चोळू नये. कमरेच्या दुखण्यासोबत लघवी अडणे किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे हाही त्याच घाईचा विषय आहे.

हे सारे वगळल्यावर हाताचे काम सुरू होते, आणि ते चाचपण्याचे असते. चेतातंतूची परीक्षा ज्या एका युक्तीवर उभी आहे ती अशी की दुखरी जागा न हलवता तिच्यापासून फार दूरचे एखादे टोक हलवावे आणि दुखणे बदलते का ते पाहावे. लासेग यांच्या नावाने ओळखली जाणारी सरळ पाय उचलण्याची चाचणी १८८१ साली त्यांच्या शिष्याने लिहून ठेवली. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बसून करायची 'स्लंप' चाचणी रूढ केली. गुडघ्याच्या पुढच्या व आतल्या अंगासाठी ती कुशीवर झोपवून करतात. दुखरा पाय वर येईल अशा कुशीवर तरुणाला निजवतात, खालचा गुडघा त्याने स्वतःच्या हातांनी छातीशी धरलेला असतो, पाठ गोल आणि हनुवटी छातीला टेकलेली. परीक्षक एका हाताने कंबर स्थिर धरतो, दुसऱ्या हाताने वरचा पाय तोलून मांडी हळूहळू मागे नेतो, थोडी बाहेर फिरवतो, आणि नेहमीची आग गुडघ्याच्या आतल्या कडेला जाणवली की तेथेच थांबतो. आता पाय तसाच, कंबर तशीच. केवळ मान वर करून छताकडे पाहायला सांगितले जाते. आग ओसरली आणि मान खाली घेताच परत आली, तर ती गुडघ्याच्या कुर्चेची नव्हे हे उघड आहे, कारण मान आणि गुडघा यांच्यामध्ये या अवस्थेत हलले ते मज्जारज्जू व त्याला जोडलेले तंतूच. यानंतर मांडीच्या आतल्या बाजूने, वीतभर वरून, बोटांच्या पेरांनी खाली येत येत तो पडदा शोधायचा. दुखरी जागा सापडली की तेथे हलकेच टिचकी मारावी आणि मुंग्या वाटीकडे धावतात का ते विचारावे. टिचकीच्या या चिन्हाला १९१५ पासून तिनेल यांचे नाव आहे. दुसऱ्या, निरोगी पायाशी प्रत्येक पायरीची तुलना न केल्यास यांतील एकाही निष्कर्षाला किंमत नाही, कारण ताण दिला की चेतातंतू निरोगी माणसाचाही थोडा बोलतो.

गुडघ्याजवळचा चेतातंतू बोटांनी ओळखण्याची ही विद्या महाराष्ट्रात क्रीडावैद्यकाने आणली असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. ती कुष्ठरोगाच्या कामातून आली. फिब्युलाच्या मानेवरचा चेतातंतू जाड झाला आहे का, दोन्ही पायांत तो सारखा आहे का, दाबल्यावर रोग्याचा चेहरा आकसतो का, हे कुष्ठतपासणीत पाहावेच लागते. शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमट्यांचे वरोऱ्याजवळचे आनंदवन यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या त्या काळापासून गावोगाव फिरणाऱ्या अल्पशिक्षित आरोग्यसेवकांनी ही चाचपणी आत्मसात केली होती, आणि ते सारे यंत्रावाचून चालत होते. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णप्रमाण दहा हजारी एकच्या खाली आल्याचे जाहीर झाल्यावर हे कौशल्य मागे पडले, रोग मात्र सर्वत्र संपला नाही. म्हणून आदिवासी पट्ट्यातून आलेल्या धावपटूच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दोरी जाड लागली, नडगीवर बधिर चट्टा दिसला, तर त्याला व्यायाम सांगण्याआधी शासकीय आरोग्यकेंद्रात पाठवणे हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे पहिले कर्तव्य ठरते. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो, आणि वेळेवर सुरू झाला तर पाऊल वाचते.

आता उपचार. हस्तोपचार म्हणजे सांधे, स्नायू आणि चेतातंतू यांवर हातांनी, मोजून-मापून केलेल्या हालचाली. चेतातंतूंच्या हस्तोपचाराला १९९१ मध्ये डेव्हिड बटलर यांच्या ग्रंथाने स्वतंत्र रूप आले, आणि चार वर्षांनी मायकेल शॅकलॉक यांनी 'न्यूरोडायनॅमिक्स' ही संज्ञा पुढे आणून यांत्रिक बाजूसोबत चेतातंतूच्या रक्तपुरवठ्याकडे आणि संवेदनशीलतेकडे लक्ष वेधले. आरंभीच्या काळात चेतातंतू ताणण्यावर भर होता. पुढे सरकवणे आणि ताणणे असे दोन प्रकार वेगळे झाले. सरकवताना एका टोकाला ताण दिला की त्याच क्षणी दुसरे टोक सैल सोडतात, जशी विहिरीच्या रहाटावर दोरी एकीकडे उतरते आणि दुसरीकडे चढते. कोपिटर्स आणि बटलर यांनी २००८ मध्ये शवांच्या हातांवर केलेल्या मापनात सरकवण्याच्या पद्धतीने चेतातंतू ताणण्याच्या पद्धतीपेक्षा सुमारे दुप्पट सरकला आणि त्यावरचा ताण मात्र नाममात्र राहिला. चिडलेल्या चेतातंतूसाठी कोणती पद्धत आधी वापरावी, हे यावरून निराळे सांगायला नको.

गुडघ्याच्या आतल्या आगीवर त्याच कुशीवरच्या अवस्थेत मांडी मागे जाताना मान वर, मांडी पुढे येताना मान खाली, अशी संथ लय धरतात. आठ-दहा आवर्तने झाली की थांबून विचारतात. दुखणे त्या वेळी किंचित जाणवले आणि थांबताच गेले तर मात्रा योग्य. तासाभराने आग वाढली तर मात्रा जास्त झाली, मग दुसऱ्या दिवशी आवर्तने निम्मी. मांडीतील ज्या पडद्यातून चेतातंतू बाहेर येतो त्याच्या आसपासचे स्नायू तळहाताने सैल करतात, अंगठ्याचे टोक त्यात खुपसत नाहीत. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याशी ताठरपणा सापडला तर मेटलंड यांच्या श्रेणींपैकी खालच्या, मंद श्रेणींनी तेथेही हालचाल दिली जाते. बाहेरच्या अंगाच्या दुखण्यात फिब्युलाचे डोके मागे-पुढे सरकवून पाहतात, मांडीमागचा स्नायू सैल करतात, पट्टा सोडवतात. वळणावरच्या उघड्या चेतातंतूवर कोणीही दाब देऊ नये. पाऊल उचलता येत नसेल तर हे सारे बाजूला ठेवून चेतातंतूची विद्युत तपासणी करून घेणे आणि पाऊल खाली लोंबू नये म्हणून आधार देणे, एवढेच योग्य. यांतील एकाही क्रियेत 'कट्' असा आवाज नाही, घाम नाही, रोग्याची किंकाळी नाही, आणि हीच तिची लौकिक अडचण आहे. तालमीतल्या तेलमालिशीची आणि हाडवैद्याच्या झटक्याची ज्यांना सवय आहे त्यांना असा उपचार म्हणजे काहीच न करणे वाटते. तालमीतली मालिश थकलेल्या स्नायूला सुख देते यात शंका नाही, पण आग होणाऱ्या नसेवर कोपराने रेटा देणे हे सुजलेल्या डोळ्याला चोळण्यासारखे आहे.

या उपचाराचा पुरावा किती भक्कम आहे? अ‍ॅनाली बॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संकलनात मान आणि कंबर यांच्या चेतातंतूजन्य दुखण्यांत चेतातंतू-हालचालीचा लाभ दिसला, इतर ठिकाणी निष्कर्ष धूसर राहिला. गुडघ्याच्या सॅफेनसबद्दलचे लेखन प्रामुख्याने एकेका रोग्याच्या वृत्तांतांचे आहे. मनगटावरच्या चेतातंतूवर २००९ मध्ये झालेल्या एका चाचणीत तर खऱ्या तंत्राने आणि मुद्दाम निष्प्रभ केलेल्या नकली तंत्राने, दोहोंनीही दुखणे कमी झाले. म्हणजे हाताच्या स्पर्शाने, समजावून सांगण्याने आणि भीती ओसरण्याने होणारा भाग मोठा आहे. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण तिच्यामुळे उपचार फोल ठरतो असेही नाही. तंत्राला तंत्राएवढेच श्रेय द्यावे, 'नस मोकळी केली' अशी भाषा वापरू नये, आणि चार-सहा भेटींत फरक पडला नाही तर निदानच पुन्हा तपासावे, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो. दहा भेटींची रक्कम आगाऊ घेऊन निदान न सांगणारी दुकाने शहराशहरांत आहेत, त्यांच्याविषयी अधिक बोलण्याचे हे स्थळ नव्हे.

हा उपचार कोणी करावा, याला महाराष्ट्रात कायद्याचे उत्तर आहे. राज्यात भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. २००२ च्या अधिनियमाने या व्यवसायासाठी राज्य परिषदेची तरतूद केली. आणि राज्यभरच्या भौतिकोपचार महाविद्यालयांची पदवी ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी निगडित आहे ते १९९८ साली नाशिकलाच स्थापन झाले. धावपटूंचा जिल्हा आणि आरोग्यविद्येचे मुख्यालय एकाच ठिकाणी असूनही पाड्यावरून येणाऱ्या मुलीच्या गुडघ्यापर्यंत प्रशिक्षित बोटे पोचण्याआधी पट्टा, गोळी आणि बहुधा एखादे महागडे एमआरआय पोचलेले असते, याची खंत वाटणे साहजिक आहे. एमआरआयमध्ये कुर्चा दिसते, पाणी दिसते. वाटीखालून जाणारा दोऱ्याएवढा फाटा त्यात सहसा कोणी शोधत नाही, आणि त्याचे सरकणे तर स्थिर चित्रात दिसणारच नाही.

भरतीच्या उमेदवाराला 'धावू नको' हा सल्ला पेलत नाही, कारण मैदानी चाचणीची तारीख त्याच्या हातात नसते आणि वयाची मर्यादा मागे लागलेली असते. त्याच्या आठवड्याची वाटणी बदलता येते. वेगाच्या धावा आणि खोल बैठका काही दिवस थांबवून सपाट मातीवरचे संथ अंतर चालू ठेवावे, अर्ध्या वाकवलेल्या गुडघ्याच्या बैठकांनी मांडीची ताकद टिकवावी, सरकवण्याचा व्यायाम घरी दिवसातून दोन-तीनदा करावा, आणि आग दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळत नसेल तरच अंतर वाढवावे. लागवडीच्या दिवसांत वाफ्यात सलग उकिडवे न बसता मधूनमधून एक गुडघा टेकून बसावे किंवा कमरेत वाकून काम करावे, पाय झिणझिणला की उठून चार पावले चालावे. संध्याकाळी घरी परतताना बांधावरच दोन्ही पावलांचे पुढचे भाग उचलून नुसत्या टाचांवर दहा पावले टाकून पाहावीत. दोन्ही पावले सारखी उचलली गेली तर दुसऱ्या दिवशी पहाटे धावायला हरकत नाही. एक पाऊल खाली पडू लागले, तर धावणे आणि कांदे दोन्ही तेथेच थांबवून डॉक्टरकडे जायचे.